सोयाबीनचे पैसे आणि मॉन्ट्रियलचे भाडे

मॉन्ट्रियलमध्ये शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचे आर्थिक वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या कास्तकाराच्या घरात नेमका तोच काळ सर्वांत कोरडा असतो. बियाणे, खत आणि मजुरी यांत हातातला पैसा जूनमध्येच जमिनीत गेलेला असतो. सोयाबीन शेंगा भरत असते, कपाशीला पात्या लागलेल्या असतात आणि विकायला घरात काही नसते. सोयाबीनची सोंगणी दसऱ्याच्या आसपास, कापसाची वेचणी त्याच्या पुढे, तूर तर संक्रांत आल्यावर. पैसा येतो तो ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात. विद्यापीठाचे शुल्क, विमानाचे तिकीट, खोलीचे पहिले भाडे आणि जाड कोट हे सगळे मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात दारात उभे राहते. परदेशी शिक्षण किती महाग, याची चर्चा नेहमी एकूण रकमेभोवती फिरते. पगारदार घरासाठी ते पुरेसे असेल. शेतीवर चालणाऱ्या घराला पैसा किती लागतो यापेक्षा तो केव्हा लागतो, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

कॅनडातल्या अनेक अभ्यासक्रमांना जानेवारीतही प्रवेश मिळतो. पिकाच्या हिशेबाने हा मुहूर्त सोयीचा ठरतो, कारण तोवर बाजार समितीतली पट्टी हातात आलेली असते. पण जानेवारीत मॉन्ट्रियलचे सरासरी तापमान उणे १० अंशांच्या आसपास असते आणि थंडीची लाट आली तर ते उणे २५ पर्यंतही उतरते. शेगाव-नांदुऱ्याच्या उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर पाहिलेला मुलगा त्या हवेत पहिल्यांदा उतरतो, तोही अंगावर नीट कपडे नसताना, राहायची कायमची जागा ठरलेली नसताना. घरच्यांना जो मुहूर्त परवडतो, तो जाणाऱ्याला जड जातो. यावर सोपा तोडगा नाही. बहुतेक घरे ऑगस्ट पत्करतात आणि कर्ज काढतात.

कर्ज मिळवताना जिल्ह्याची रचना पुन्हा आड येते. बुलढाणा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. दोन्हीकडे संपत्तीचे मुख्य रूप एकच, जमीन. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली निघाले. तेव्हापासून खेड्यातल्या घरातला अभियंता ही गोष्ट नवलाची राहिली नाही. मात्र अभियंत्याच्या पुढच्या पदवीसाठी जमीन कामी येईलच असे नाही. शैक्षणिक कर्जाच्या रूढ नियमांप्रमाणे ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार चालतो आणि त्यापुढे मालमत्ता गहाण ठेवावी लागते. बँकांना थकीत कर्जासाठी तारण ताब्यात घेऊ देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. त्यामुळे परदेशी शिक्षणाच्या कर्जाला अनेक बँका सात-बारा घ्यायला नाखूश असतात. त्यांना नगरपालिका हद्दीतला अकृषक प्लॉट किंवा घर हवे असते. दहा एकर काळ्या रानाचा मालक बँकेत बिनतारणी ठरतो आणि चिखलीत दोन खोल्यांचे पक्के घर असलेला कारकून पात्र ठरतो. शेतकऱ्याला जप्तीपासून वाचवणारी तरतूदच त्याच्या मुलाच्या वाटेत येते, हा विरोधाभास कायद्याने योजलेला नव्हता. पण आहे तो आहे.

म्हणून मग काकाचा प्लॉट, मामाची सही, पतसंस्थेची ठेव अशी जुळवाजुळव होते. सहकारी पतव्यवहार या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेला आहे. १९८६ साली सुरू झालेली बुलडाणा अर्बन ही पतसंस्था इथूनच वाढून राज्याबाहेर पोचली. सोन्यावर किंवा गोदामातल्या मालावर काही महिन्यांपुरती उचल घेणे इथल्या घरांना नवे नाही. परदेशी शिक्षणात नवे असते ते एवढेच की उचल पेरणीसाठी नसते आणि फेडीचा हंगाम ठरलेला नसतो.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा वर्षाला ७५, अख्ख्या महाराष्ट्रासाठी. ज्याला ती मिळते त्याचे शुल्क आणि निर्वाह दोन्ही सुटतात. या वाटेची पूर्वपरंपरा मोठी आहे. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला गेले ते बडोदा संस्थानाच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. एवढ्या पैशात त्यांनी स्वतःचे भागवले, घरी पैसे पाठवले आणि पुस्तकेही घेतली. परदेशी विद्यार्थ्याच्या अंदाजपत्रकाचा मराठी इतिहास लिहायचा झाला तर पहिले प्रकरण तिथून सुरू करावे लागेल.

पैसा बाहेर पाठवतानाही शेतकरी घराला एक बारीक चिमटा बसतो. परदेशी पाठवलेल्या रकमेवर ठरावीक मर्यादेपुढे बँक उगमस्थानी कर कापते. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा वर्षाला ७ लाखांवरून १० लाख झाली आणि शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या पैशाला सूट मिळाली. पीक विकून किंवा प्लॉट मोडून पाठवलेल्या पैशाला ती सूट नाही. कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मिळते खरी, पण शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने ज्या घरात आजवर कुणी विवरणपत्र भरलेच नाही, तिथे ते परतीचे पैसे कुणी मागतच नाही.

कॅनडात शिकायला जाणाऱ्याला इतर प्रांतांत मुख्य परवाना केंद्र सरकारचा लागतो. क्युबेक प्रांतात त्याआधी प्रांताचे स्वतंत्र स्वीकृतिपत्र घ्यावे लागते. दोन अर्ज, दोन शुल्के, दोन प्रतीक्षा. खर्चाची ऐपत दाखवण्याचा आकडाही क्युबेक आपला वेगळा ठरवतो. उर्वरित कॅनडात हा आकडा जवळपास दोन दशके १०,००० कॅनेडियन डॉलरवर थांबलेला होता. १ जानेवारी २०२४ पासून तो एकदम २०,६३५ झाला. त्याच महिन्यात परवान्यांच्या एकूण संख्येवरही मर्यादा आली. नुसत्या घाईने जाणाऱ्यांना यापूर्वीही धडा मिळालेला आहे. जानेवारी २०२२ मध्ये क्युबेकमधली एकमेकांशी निगडित तीन खासगी महाविद्यालये दिवाळखोरीच्या वाटेवर गेली आणि भारतातल्या अनेक विद्यार्थ्यांचे भरलेले शुल्क अडकले. १८२१ मध्ये स्थापन झालेले मॅगिल किंवा १९७४ मध्ये दोन संस्थांच्या विलीनीकरणातून उभे राहिलेले कॉन्कॉर्डिया ही इंग्रजी माध्यमाची विद्यापीठे आणि दलालाने सुचवलेले, दुकानाच्या वरच्या मजल्यावरचे महाविद्यालय यांत परवान्याच्या कागदावर फारसा फरक दिसत नाही. बाकी सगळ्या बाबतीत फरकच फरक असतो.

शहरात उतरल्यावरचा सर्वांत मोठा खर्च खोलीचा. मॉन्ट्रियल टोरांटो आणि व्हँकुव्हरपेक्षा स्वस्त मानले जाते. तरी इतरांबरोबर घेतलेल्या घरातल्या एका खोलीला महिना ६०० ते ९०० डॉलर लागतात. घरांची मोजणी तिथे साडेतीन, साडेचार अशी होते. त्यातली अर्धी खोली म्हणजे न्हाणीघर. भाडेकरार साधारणपणे वर्षाचा आणि तो बहुधा १ जुलैला सुरू होतो, कारण शाळेच्या मधेच मुलांना घर बदलावे लागू नये म्हणून १९७० च्या दशकात तारीख मे महिन्यातून जुलैवर आणली गेली. त्या दिवशी शहरातल्या हजारो बिऱ्हाडांचे सामान एकदम रस्त्यावर येते. ऑगस्टच्या शेवटी येणारा विद्यार्थी हा हंगाम चुकवतो. मग कुणाचे तरी उरलेले महिने उपभाड्याने घ्यायचे, किंवा पुढच्या वर्षी दोन महिने रिकाम्या खोलीचे भाडे भरायचे, असा पेच पडतो. एक गोष्ट मात्र भाडेकरूच्या बाजूची आहे. क्युबेकच्या दिवाणी संहितेनुसार घरमालक पहिल्या महिन्याच्या भाड्यापलीकडे अनामत मागू शकत नाही. हे माहीत नसलेला नवखा पाहिला की दोन-तीन महिन्यांचे आगाऊ मागणारे भेटतात, आणि पुण्या-मुंबईच्या पागडी-डिपॉझिटच्या सवयीमुळे ते मागणे वावगे वाटतही नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात फुटपाथवर टाकून दिलेले टेबल, खुर्च्या, कपाटे फुकट मिळतात. गाद्या मात्र कुणी उचलू नयेत. ढेकणांचा बंदोबस्त नव्या गादीपेक्षा महाग पडतो.

बुलढाण्याच्या घरखर्चात थंडीला स्वतंत्र रकाना नाही. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले, थंड हवेचे म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी निवडलेले. तरी तिथली थंडी एक स्वेटर आणि शेकोटी यांत मावते. मॉन्ट्रियलमध्ये ती नोव्हेंबर ते एप्रिल खर्च करवते. कोट, बूट, हातमोजे, कानटोपी आणि आतून घालायचे कपडे नवे घेतले तर ४०० ते ५०० डॉलर सहज जातात. जुन्या कपड्यांच्या मोठ्या दुकानांत त्याच्या निम्म्याहून कमीत काम होते. कोटाच्या बाबतीत जुना-नवा फरक फारसा नाही. बुटांच्या बाबतीत आहे. रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ जुन्या चामड्यातून आत शिरते, आणि ओल्या मोज्यात घालवलेला दिवस पुढे औषधांच्या खर्चात निघतो. पुण्याहून गरम कपडे घेऊन जाणे हा खर्चाचा सर्वांत फसवा प्रकार आहे. ते कपडे महाबळेश्वरला पुरतात.

खोली घेताना भाड्यात उष्णता धरली आहे का, हे विचारलेच पाहिजे. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या हायड्रो-क्युबेक या प्रांताच्या मालकीच्या कंपनीची वीज जवळजवळ सगळी जलविद्युत आणि उत्तर अमेरिकेत सर्वांत स्वस्तांपैकी आहे. म्हणून बरीच घरे भिंतीच्या तळाशी बसवलेल्या विजेच्या हीटरवर तापतात. स्वस्त असली तरी जानेवारीचे बिल उन्हाळ्याच्या कित्येक पट येते. वर्षभराचा अंदाज काढून बाराही महिने सारखी रक्कम भरण्याची सोय कंपनी देते. हंगामी उत्पन्नाच्या घरातून आलेल्याला या सोयीचे मोल सांगावे लागत नाही. थंडीची दुसरी किंमत उजेडात मोजावी लागते. डिसेंबरात दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. वर्गातून बाहेर पडावे तर रात्र. या दिवसांत बाहेरचे खाणे वाढते, कॉफी वाढते, घरी लांबलेले फोन वाढतात. वहीत हे सगळे किरकोळ म्हणून लिहिले जाते. ते थंडीच्या खात्यावर लिहिणे अधिक खरे होईल.

थंडी आणि आहार यांकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याचे मराठी उदाहरण पहिल्याच पिढीत आहे. १८८३ मध्ये अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. आजार क्षयाचा होता. परक्या हवेने आणि अपुऱ्या आहाराने प्रकृती आधीच खालावलेली होती. काटकसरीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे पान उलटून पुढे जाऊ नये.

खाण्याच्या बाबतीत मॉन्ट्रियल दयाळू आहे. पार्क-एक्सटेन्शन या वस्तीत, जाँ-तालों रस्त्याच्या पश्चिम भागात भारतीय वाणसामानाची दुकाने आहेत; तूरडाळ, बेसन, पोह्यांपासून ज्वारीच्या पिठापर्यंत बहुतेक सारे तिथे मिळते. घरून नेलेल्या २३ किलोच्या बॅगेत डाळ भरणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, कुरडया, पापड यांना जागा द्यावी. ते तिथे मिळाले तरी घरचे मिळत नाही. स्वतः रांधणाऱ्याचे महिन्याचे जेवण २५० ते ३०० डॉलरांत बसते. कॉन्कॉर्डियात १९९९ पासून विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने चालणारे ‘पीपल्स पोटॅटो’ नावाचे स्वयंपाकघर दुपारी शाकाहारी जेवण देते आणि जमेल तेवढेच पैसे मागते. करांची गंमत वेगळी. दुकानातल्या किमतीवर गल्ल्यावर केंद्राचा ५ टक्के आणि प्रांताचा ९.९७५ टक्के कर चढतो. तांदूळ, पीठ, दूध, भाजी यांवर तो नाही. तयार जेवणावर आहे. मफिन एकेक घेतले तर कर लागतो, सहा घेतले तर लागत नाही, कारण सहा म्हणजे घरचा किराणा असे कायदा मानतो. विद्यार्थी गणित लवकर शिकतात आणि मफिन जास्त खातात.

मेट्रो १९६६ मध्ये सुरू झाली आणि ती सबंध जमिनीखालून धावते. बर्फ तिला अडवत नाही. नेहमीचा मासिक पास १०० डॉलरच्या आसपास, विद्यार्थ्याचा ६० च्या. पाससाठी छायाचित्राचे ओळखपत्र काढावे लागते, आणि ते काढायला कंटाळलेला विद्यार्थी पहिल्या सत्रातच जुन्या कोटाचे पैसे घालवून बसतो.

भाषा हाही खर्चाचा रकाना आहे. बुलढाण्याच्या विद्यार्थ्याला अनेक भाषांत वावरणे नवे नसते. घरात वऱ्हाडी, शाळेत प्रमाण मराठी, खामगावच्या बाजारात मारवाडी आणि हिंदी, तांड्यावर गोरमाटी, मोहल्ल्यात उर्दू. जळगाव जामोद तालुक्यात तर निहाली बोलली जाते, जिचा जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी संबंध लागलेला नाही. पण इथे कुठली भाषा कुठे चालेल हे व्यवहार ठरवतो. क्युबेकमध्ये ते कायदा ठरवतो. १९७७ च्या फ्रेंच भाषेच्या सनदेने पाट्या, कामाची जागा आणि शाळा यांत फ्रेंचला पहिले स्थान दिले. २०२२ च्या कायद्याने ते आणखी पक्के केले. दुकानदाराने गिऱ्हाइकाचे स्वागत दोन्ही भाषांत एकदम करावे की नुसत्या फ्रेंचमध्ये, यावर २०१७ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने एकमताने ठराव केला होता. तो फ्रेंचच्या बाजूने होता, अर्थात बंधनकारक नव्हता.

मॅगिल किंवा कॉन्कॉर्डियातला वर्ग इंग्रजीत भरतो, त्यामुळे पहिले काही महिने फ्रेंचवाचून अडत नाही असे वाटते. अडते ते पैशापाशी. इंग्रजीवर मिळणारी कामे बहुधा गोदामातली, उपाहारगृहाच्या मागच्या बाजूची, भांडी घासण्याची. गल्ल्यावर उभे राहायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे, बक्षिसी मिळवायची तर फ्रेंच हवी. घरमालकाची नोटीस, दवाखान्यातला फलक, विजेच्या कंपनीचे पत्र फ्रेंचमध्ये येते. शुल्कातही भाषा डोकावते. फ्रान्सच्या आणि बेल्जियमच्या फ्रेंचभाषक विद्यार्थ्यांना क्युबेकची विद्यापीठे बरेच कमी शुल्क लावतात. भारताच्या विद्यार्थ्याला पूर्ण परदेशी दर. प्रांताच्या आरोग्य विम्याच्या बाबतीतही काही युरोपीय देशांशी करार आहेत, भारताशी नाही. त्यामुळे विद्यापीठामार्फत सक्तीचा खासगी विमा घ्यावा लागतो, वर्षाला हजार डॉलरच्या आसपास. पहिल्या हिवाळ्यात फ्रेंचच्या वर्गाला आठवड्यातून दोन संध्याकाळी देणे म्हणजे तेवढ्या तासांची मजुरी बुडवणे. ही मजुरी बुडवावी, असे स्पष्ट मत नोंदवायला हरकत नाही. दुसऱ्या वर्षाच्या कमाईत ती भरून निघते, आणि पुढे त्या प्रांतात कायम राहायचे ठरले तर फ्रेंचची परीक्षा चुकत नाहीच.

विद्यार्थ्याला सत्र चालू असताना बाहेर काम करण्याची मर्यादा पूर्वी आठवड्याला २० तास होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती २४ तास झाली. क्युबेकचा किमान वेतनदर १ मे २०२५ पासून तासाला १६.१० डॉलर झाला. त्या दराने पूर्ण २४ तास काम मिळाले तर आठवड्याचे ३८६ डॉलर, चार आठवड्यांचे सुमारे १,५४५. त्यातून निवृत्तिवेतन, विमा आणि कर यांची कपात. खोली ७००, जेवण ३००, पास ६०, फोन ४० असा महिना ११०० डॉलरांचा धरला तर मजुरीतून पोट भागते. शुल्क भागत नाही. ‘तिथे गेल्यावर काम करून सगळे फेडतो’ असे घरी सांगून निघालेल्याचा हिशेब इथे चुकतो. शिवाय २४ तास ही वरची मर्यादा आहे, हमी नव्हे. जानेवारी-फेब्रुवारीत उपाहारगृहे रिकामी असतात आणि तास आपोआप कमी होतात. मर्यादेबाहेर रोखीने काम करणारे मजुरीही कमी घेतात आणि परवानाही पणाला लावतात.

डॉलरचे रुपये करण्याची सवय सुटायला वेळ लागतो. डॉलर साठ रुपयांना धरला तरी ७०० डॉलरची खोली ४२,००० रुपयांची होते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि बाजारात तो नेहमी मिळतोच असे नाही. म्हणजे एका महिन्याच्या खोलीला सुमारे आठ क्विंटल सोयाबीन. कोरडवाहू रानात एवढे पीक एक एकर देईल तर चांगले वर्ष म्हणायचे. हे गणित ज्याला येते तो तीन डॉलरची कॉफी घेताना अडखळतो. अडखळणे पहिल्या सत्रात उपयोगी असते. पुढे ते अपायकारक ठरते, कारण त्याच हिशेबाने विद्यार्थी दाताच्या डॉक्टरकडे जात नाही, पुस्तक घेत नाही, वर्गातल्या मुलांबरोबर कुठे जात नाही. मिळकत डॉलरमध्ये सुरू झाली की खर्चही डॉलरमध्येच मोजावा आणि रुपयांचा हिशेब कर्जाच्या पानापुरता ठेवावा, हा व्यवहार तिथले जुने विद्यार्थी नव्यांना सांगतात. दोन चलनांतला भाव कुठे जाईल हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. अक्षय्य तृतीयेच्या भेंडवळच्या घटमांडणीत पिकांची भाकिते होतात. डॉलर त्या घटात मांडलेला नसतो.

एप्रिलच्या अखेरपर्यंत विवरणपत्रे भरायची असतात. क्युबेकमध्ये तीही दोन, एक केंद्राचे आणि एक प्रांताचे. उत्पन्न थोडे असल्याने कापलेला बराचसा कर परत येतो, आणि विक्रीकराच्या परताव्यासाठी परदेशी विद्यार्थीही बहुधा पात्र असतो. फक्त अर्ज करावा लागतो. ज्यांच्या वडिलांनी गावी कधी विवरणपत्र भरले नाही, अशी मुले तिथे पहिल्याच वर्षी दोन भरतात. मेमध्ये सत्र संपते, सुटीत पूर्ण वेळ काम करता येते आणि सप्टेंबरच्या शुल्कासाठी थोडे साठते. तोवर गावाकडे पुन्हा पेरणीची तयारी सुरू झालेली असते, आणि या वेळी पैसा कुठून कुठे जायचा, हे दोन्हीकडून विचारले जाते. काही घरांत मुलाच्या उन्हाळी मजुरीतले चारशे-पाचशे डॉलर बियाण्याला येतात आणि ऑक्टोबरात शुल्काच्या हप्त्याला परत जातात.

कर्जाची फेड अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होते. मधल्या काळाचे व्याज मुद्दलात मिळवूनच हप्ता बांधला जातो. शिकत असतानाच दरमहा नुसते व्याज भरता आले तर तो हप्ता बराच हलका होतो. पदव्युत्तर पदवीनंतर तीन वर्षांपर्यंतचा कामाचा परवाना मिळू शकतो. म्हणजे फेडीची पहिली दोन वर्षे त्या परवान्याच्या आत येतात आणि उरलेली कुठे येतील, हे नोकरी, फ्रेंचची पातळी आणि त्या वर्षीचे प्रांताचे धोरण यांवर अवलंबून राहते. काकाचा प्लॉट तोवर बँकेकडेच असतो.